ती लाईट तेवढी घालवा

बारामतीत भिगवण रस्त्याच्या बाजूला गाड्यांच्या वायरिंगची कामं करणारे एक वायरमन आहेत. त्यांच्याकडे येणारं गिऱ्हाईक गाडीतून उतरता उतरताच सांगतं, "मिस्त्री, मीटरमधली ती लाईट तेवढी घालवा." ती लाईट म्हणजे सीटवर बसलेला माणूस आणि त्याच्या पुढ्यात गोल फुगा, असं चित्र असलेला एअरबॅगचा दिवा. गाडी पळते, एसी गार करतो, ॲव्हरेजही देते. फक्त हा दिवा विझत नाही. मालकाला त्याची कटकट होते, आणि गाडी विकायला काढली असेल तर भीतीही वाटते. वायरमनचं उत्तर ठरलेलं आहे. "नुसती लाईट घालवायची तर फार वेळ लागत नाही, पण ते काम मी करत नाही. ती का लागली हे शोधायचं असेल तर गाडी ठेवून जा." काही जण गाडी ठेवतात. बाकीचे 'बघतो' म्हणतात आणि पुढचं गॅरेज गाठतात.

या वायरमननी उमेदवारी केली ती डायनामो, सेल्फ आणि हॉर्नवर. ऊस हंगाम सुरू झाला की माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर या कारखान्यांकडे जाणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचे मागचे दिवे चालू करायचे, हे तेव्हाचं हुकमी काम. हातात टेस्ट लॅम्प असला की पुरे. वायरला टोचायचा; पेटला तर करंट आहे, नाही पेटला तर मागे मागे जायचं. एअरबॅग ही त्या काळी पुण्याहून पाहुण्यांसोबत येणाऱ्या महागड्या गाड्यांतली चीज होती. त्यातलं काही बिघडलं तर गाडी पुण्यालाच जायची.

ही स्थिती सरकारच्या नियमांनी बदलली. १ जुलै २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. शेजारच्या सीटसाठीची सक्ती नव्या मॉडेलना १ एप्रिल २०२१ पासून लागू झाली आणि जुन्या मॉडेलना मुदतवाढ मिळून २०२२ च्या सुरुवातीपासून. म्हणजे निमगाव केतकीच्या डाळिंब बागायतदाराने घेतलेली साधी हॅचबॅकही आता स्टेअरिंगमध्ये आणि डॅशबोर्डमध्ये एकेक स्फोटक पुडी घेऊन फिरू लागली. एमएच-४२ नंबरच्या या गाड्यांची वॉरंटी संपत गेली तशा त्या कंपनीच्या वर्कशॉपमधून बाहेरच्या गॅरेजांकडे वळल्या. वायरमनच्या धंद्याला कलाटणी मिळाली ती इथे. टेस्ट लॅम्प इथे चालत नाही, हा पहिला धडा.

तो का चालत नाही, हे समजून घ्यायचं तर आतली रचना पाहावी लागते. गिअर लिव्हरच्या आसपास, कन्सोलखाली, एक पत्र्याचा डबा बोल्टने जमिनीला पक्का केलेला असतो. हेच एअरबॅगचं मॉड्यूल. गाडीचा वेग किती झपाट्याने तुटतोय हे त्याच्या पोटातला सेन्सर सतत मोजतो. पुढच्या बाजूला, रेडिएटरजवळ, बऱ्याच गाड्यांत आणखी सेन्सर असतात. धडक खरी आहे असं ठरलं की मॉड्यूल बॅगमागच्या इन्फ्लेटरकडे करंट सोडतं, आतली बारीक तार तापून दारू पेटते आणि त्यातून निघणाऱ्या वायूने पिशवी भरते. धडक ओळखण्यापासून पिशवी भरेपर्यंतचा सगळा कारभार सेकंदाच्या विसाव्या हिश्शाच्या आत उरकतो. पापणी लवायला यापेक्षा जास्त वेळ लागतो.

त्या बारीक तारेचा रोध जेमतेम दोन-तीन ओहम. मॉड्यूल किल्ली फिरवल्यापासून गाडी बंद होईपर्यंत तो पुन्हा पुन्हा तपासत राहतं. कुठे कपलर सैल झाला, पिनेला गंज चढला, वायर बॉडीला घासली आणि हा आकडा एखाद-दोन ओहमने हलला, तरी कोड साठवून दिवा लावतं. अशा सर्किटला टेस्ट लॅम्प टोचणं म्हणजे बाहेरून करंट देणं. नशीब फिरलं तर बॅग तोंडावर फुटेल. साध्या मल्टिमीटरने थेट बॅगचा रोध मोजायलाही जवळजवळ सगळ्या कंपन्यांची मॅन्युअलं मनाई करतात, कारण मीटर स्वतःच थोडा करंट सोडतो.

म्हणून वायरमनच्या गॅरेजात या कामाची शिस्त वेगळी आहे. आधी किल्ली बंद आणि बॅटरीची निगेटिव्ह केबल बाजूला. मग थांबायचं. अपघातात बॅटरी तुटली तरी बॅग उडावी म्हणून मॉड्यूलमध्ये कपॅसिटर भरलेले असतात आणि ते रिकामे व्हायला वेळ लागतो. कुणाचं मॅन्युअल एक-दोन मिनिटं सांगतं, कुणाचं दहा. वायरमन सगळ्यांत जास्त वेळ सांगणाऱ्याचं ऐकतात. चहा मागवायची वेळ हीच. उमेदवारी करणाऱ्या पोरांना ते थांबणं सुरुवातीला नाटक वाटतं. काढलेली बॅग टेबलावर ठेवायची तीही कव्हरची बाजू वर करून. पालथी ठेवली आणि चुकून उडाली तर अख्खं मॉड्यूलच छताकडे झेपावेल.

दिवा लागलेल्या गाड्यांत खुद्द बॅग नादुरुस्त निघाल्याचं वायरमनना क्वचितच आठवतं. दोष असतो वाटेत.

नेहमीचा किस्सा हॉर्नपासून सुरू होतो. हॉर्न वाजेना, स्टेअरिंगवरची गाण्याची बटणं चालेनात आणि त्याच सुमारास हा दिवा लागला, अशी तक्रार आली की गाडी उघडण्याआधीच अर्धं निदान झालेलं असतं. स्टेअरिंग फिरतं, गाडी फिरत नाही. मग बॅगपर्यंत वायर न्यायची कशी? त्यासाठी स्टेअरिंगच्या मागे एका चपट्या डबीत फितीसारखी केबल गुंडाळलेली असते. कुणी तिला क्लॉक स्प्रिंग म्हणतं, कुणी स्पायरल. स्टेअरिंग एका बाजूला फिरलं की ती सुटते, दुसऱ्या बाजूला फिरलं की आवळते. ती मध्यावर बसवलेली असेल तरच दोन्ही टोकांपर्यंत पुरते.

इंदापूरकडच्या एका शिक्षकांची गाडी अशीच आली होती. मॉड्यूलमधले कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर कोड होता: चालकाच्या एअरबॅगचं सर्किट ओपन. दुसऱ्या एका ठिकाणी त्यांना नव्या बॅगचा खर्च सांगितला गेला होता आणि तो ऐकून त्यांनी गाडीच विकायचं मनात घेतलं होतं. वायरमननी बॅग काढून तिच्या जागी तेवढ्याच ओहमचा डमी रेझिस्टर जोडला. कोड तसाच. म्हणजे बॅग निर्दोष. मग तोच रेझिस्टर स्पायरलच्या खालच्या कपलरला लावला. कोड गेला. दोष या दोन ठिकाणांच्या मध्ये, म्हणजे फितीत. विचारपूस केल्यावर समजलं, थोड्याच दिवसांपूर्वी स्टेअरिंग रॅकचं काम झालं होतं. रॅक खाली उतरवताना स्टेअरिंग बांधून ठेवलं नव्हतं. ते गरागरा फिरलं, स्पायरलचा मध्य हरवला आणि नंतर पहिल्याच पूर्ण वळणाला फीत तुटली. शिक्षकांना बॅगेच्या किमतीच्या मानाने किरकोळ खर्चात गाडी परत मिळाली. तेव्हापासून रॅकवाल्या फिटरांना वायरमनचं सांगणं असतं: स्टेअरिंग सरळ करा, बेल्टने बांधा, मग पाना लावा.

दुसरी जागा सीटखालची. एअरबॅगचे कपलर पिवळे असतात, ते याचसाठी की हात लावणाऱ्याला धोका दिसावा. सीटबेल्ट आवळणाऱ्या प्रीटेन्शनरच्या आणि साइड एअरबॅग असेल तर तिच्या वायरी सीटखालून जातात. आणि आपल्याकडे सीटखाली काय नसतं? पाण्याच्या बाटल्या, छत्री, जॅक, पोरांच्या चपला, एकदा तर बाजाराच्या पिशवीतून सांडलेले कांदे. सीट मागे-पुढे सरकवताना हे सामान कपलरला ढोसतं. वॉशिंग सेंटरवर आतून पाणी मारलं जातं ते वेगळंच. असली कामं पिना साफ करून, कपलर नीट बसवून आणि वायर क्लिपने जागेवर बांधून होतात. वायर तुटलीच असेल तर मात्र वायरमन साधा पीळ मारून टेप गुंडाळत नाहीत. बऱ्याच कंपन्या या वायरींना जोड देऊच नका, हार्नेस बदला असं सांगतात. दिव्याच्या वायरला चालणारा जोड इथे रोध वाढवतो.

ऊसतोड झाली की रिकाम्या फडांतले उंदीर वस्तीकडे सरकतात आणि अंगणातल्या गाडीत शिरून वायरी कुरतडतात. त्यावर लिहायला बसलं तर वेगळा लेख होईल.

पाण्याचा अध्याय मात्र सोडता येत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये कऱ्हेला पूर आला, बारामतीच्या नदीकाठची वस्ती हलवावी लागली. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरच्या मध्याला इंदापूर-बारामती पट्ट्याला अतिवृष्टीने झोडपलं. मे २०२५ च्या अखेरीस तर ऐन उन्हाळ्यात ढग फुटल्यासारखा पाऊस झाला आणि नीरा डावा कालवा फुटला. अशा प्रत्येक पावसानंतर गाड्यांची एक लाट येते, तीही लगेच नाही, काही आठवड्यांनी. सुरुवातीला सगळं ठीक असतं. मालक सीट वाळवतो, गालिचा वरून पुसतो आणि विसरून जातो. गालिच्याखालचा फोम ओलाच राहतो, आणि मॉड्यूल बसलेलं असतं नेमकं त्याच पातळीवर. तांब्याच्या पिनांवर हिरवा कळंक चढतो. मग दिवा एक दिवस लागतो, दोन दिवस विझतो, पुन्हा लागतो.

अशा गाडीवर स्कॅनर एकाच वेळी पाच-सहा कोड दाखवतो: चालकाची बॅग, शेजारची बॅग, दोन्ही प्रीटेन्शनर, कधी पुढचा सेन्सर. नवखा माणूस घाबरतो. वायरमनचा अनुभव उलटा आहे. एकच कोड असेल तर शोध लांबतो. सगळेच एकदम ओरडत असतील तर सगळे जिथे एकत्र येतात तिथे बघायचं, म्हणजे मॉड्यूलचा कपलर, त्याचा सप्लाय आणि अर्थ. कालव्याच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या एका गाडीचा गालिचा त्यांनी उचलला तर खाली गाळाचा थर होता. मॉड्यूलच्या आत पाणी शिरलं होतं. साफ करून चालू करता येईल का, असं मालकाने दोनदा विचारलं. तसं करून देणारे आहेत. वायरमननी नवीनच घालायला लावलं, कारण रेडिओ साफ केला आणि पुढे बंद पडला तर गाणं थांबतं. हे मॉड्यूल नको तेव्हा उडवेल किंवा हवं तेव्हा उडवणार नाही. नवं बसवताना त्यावरच्या बाणाची दिशा गाडीच्या पुढच्या बाजूला हवी आणि बोल्ट सांगितलेल्या ताकदीनेच आवळायला हवेत. ते सैल असताना किल्ली फिरवायची नाही, हा या गॅरेजातला कडक कायदा.

धंद्याची काळी बाजू त्यांना जुन्या गाड्यांच्या व्यवहारात दिसली. अपघातात बॅगा उडाल्या की बॅगा, प्रीटेन्शनर लागलेले बेल्ट, डॅशबोर्ड आणि बहुतेक वेळा मॉड्यूल असं सगळं बदलावं लागतं. खर्च गाडीच्या उरलेल्या किमतीला भिडतो. मग पळवाटा निघतात. फाटलेला डॅशबोर्ड शिवून, रंगवून चकचकीत करायचा, बॅगेच्या जागी रेझिस्टर जोडायचा, म्हणजे मॉड्यूलला वाटतं बॅग आहे. त्याहून स्वस्तातली करामत म्हणजे मीटरमधला दिवाच काढणं, किंवा तो दुसऱ्या दिव्याला जोडणं, म्हणजे किल्ली फिरवली की पेटतो आणि त्याच्याबरोबर विझतो.

एकदा एका कुटुंबाने नुकतीच घेतलेली जुनी गाडी केवळ हॉर्नच्या कामासाठी आणली. वायरमननी स्टेअरिंगवरचं झाकण काढलं तर आत बॅगच नव्हती. कपलरमध्ये रेझिस्टर खोचून टेप मारला होता. त्या गाडीतून रोज दोन मुलं शाळेला जात होती. मालकाला बोलावून त्यांनी ते तसंच दाखवलं. मालक बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "दादा, लाईट तर बरोबर लागत हुती की."

शोधासाठी वायरमन जो डमी रेझिस्टर रोज वापरतात, तोच इथे कायमचा बसवलेला होता. त्यांच्या डब्यातले रेझिस्टर त्यानंतर लाल वायरच्या लांब शेपटीचे झाले आणि काम संपल्यावर मोजून परत ठेवले जाऊ लागले. जुन्या बाजारातली बॅग ते बसवत नाहीत, ऑनलाइन स्वस्तात मिळणारीही नाही. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा यंत्रणेने जुलै २०२४ मध्ये हलक्या प्रतीच्या बदली इन्फ्लेटरमुळे मृत्यू झाल्याचा इशारा दिला होता. अस्सल कंपनीचा मालही निर्दोषच असतो असं नाही. जपानच्या टाकाटा कंपनीच्या इन्फ्लेटरमधलं अमोनियम नायट्रेट उष्ण, दमट हवेत वर्षानुवर्षं राहून बिघडायचं आणि बॅग उडताना धातूचे तुकडे माणसाच्या अंगात घुसायचे. जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या, भारतातल्याही बऱ्याच. कंपनीने जून २०१७ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. मारुती सुझुकीने जानेवारी २०२३ मध्ये एअरबॅग कंट्रोलर तपासण्यासाठी १७,३६२ गाड्या परत बोलावल्या होत्या. असे निरोप पहिल्या मालकाच्या पत्त्यावर जातात, आणि आपल्याकडे गाडी तिसऱ्या-चौथ्या हातात असते. म्हणून चासी नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून बघणं, हा वायरमनच्या तपासणीतला पहिला भाग झाला आहे. बदलायचा असेल तर तो भाग कंपनी फुकट बदलून देते, हे ऐकून लोकांचा विश्वास बसत नाही.

सर्वांत अवघड प्रसंग दिव्याचा नव्हताच. हंगामात रात्री बारामती-इंदापूर रस्त्याने येणारी एक गाडी उभ्या उसाच्या ट्रॉलीखाली घुसली. ट्रॉलीला मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. चालक वाचला, पण तोंडाला आणि हातांना चांगलाच मार बसला. बॅगा उघडल्या नव्हत्या. याच गाडीच्या सीटखालच्या कपलरचं काम वायरमननी काही महिने आधी केलं होतं, आणि घरचे चार लोक गॅरेजात येऊन उभे राहिले. "तुम्ही हात लावला म्हणूनच बॅग उघडली नाही."

त्यांनी वाद घातला नाही. सगळ्यांसमोर स्कॅनर लावला. सगळी सर्किटं शाबूत होती, धडकेआधीचा एकही दोष नोंदलेला नव्हता. मग गाडीच्या पुढे उभं राहून दाखवलं: बंपर जवळजवळ धड, त्यामागचे चासीचे दांडे सरळ, आणि चेंबलं होतं ते बॉनेटची वरची कड, काच आणि खांब. बॅग नुसत्या वेगावर उघडत नाही. भक्कम भिंतीवर ताशी वीस-पंचवीस किलोमीटरच्या आसपास समोरून आदळल्यावर बसतो तसला झटका सेन्सरला लागतो. गाडीगणिक हा आकडा बदलतो. गाडी उंच ट्रॉलीखाली घुसली की दांडे कशालाच भिडत नाहीत आणि झटका हवा तसा पोचत नाही. लोकांना ते पटलं असावं, कारण गाडीचं पुढचं काम त्यांच्याकडेच आलं. पण तेव्हापासून कामाआधीचा आणि नंतरचा स्कॅनर रिपोर्ट, मीटरवरच्या किलोमीटरच्या फोटोसकट, मालकाच्या व्हॉट्सॲपवर गेल्याशिवाय गाडी गॅरेजबाहेर पडत नाही. ट्रॉलीवाल्यांना ते रिफ्लेक्टरची टेप लावून देतात, तेव्हा मजुरी घेत नाहीत.

उलटाही प्रकार असतो. या भागात मोठ्या गाडीला पुढे जाड लोखंडी गार्ड नसेल तर गाडी अपुरी वाटते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना पत्र पाठवून हे गार्ड बेकायदा असल्याचं कळवलं आहे. लोखंड थेट चासीला बांधलं की धडकेचा झटका सेन्सरकडे पोचायची रीतच बदलते. गाडी बनवणाऱ्याने केलेला सगळा हिशेब मोडतो. वायरमन हे सांगतात, गार्ड काढणारे मात्र थोडेच.

बेल्टबाबत त्यांना जास्त तिडीक आहे. बेल्टची पिपाणी बंद करायला बकलमध्ये खोचायची खोटी जीभ मिळते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२३ मध्ये पाच ऑनलाइन दुकानांना ती काढून टाकायला लावली, १३ हजारांवर जाहिराती उतरल्या. टोलच्या अलीकडे-पलीकडे ती अजून दिसते. काही गाड्यांत बेल्ट लावला आहे की नाही यावर बॅग कधी उडवायची हे मॉड्यूल ठरवतं. खोटी जीभ त्याला खोटं सांगते. आणि बेल्ट न लावलेला माणूस ब्रेकबरोबर पुढे सरकून फुगत्या बॅगेच्या तोंडावर जातो. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. त्या गाडीत एअरबॅगांची कमी नव्हती. मागच्या सीटवरच्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते आणि तेच दोघे गेले.

डॅशबोर्डवरच्या देवांचा विषय नाजूक. तुकोबांची पालखी ज्या रस्त्याने जाते त्या रस्त्यावरच्या गाडीत विठ्ठल नसेल असं होत नाही, आणि मूर्ती चिकटवलेली असते बरोबर डाव्या बाजूला, एअरबॅगच्या झाकणावर. झाकण उघडतं ताशी दोन-तीनशे किलोमीटरच्या वेगाने. एका वारकरी म्हाताऱ्यांना वायरमन म्हणाले, "तात्या, पांडुरंगाला जरा मधे घेऊ. इथं बसवला तर सूनबाईंच्या तोंडावर येईल." तात्यांनी विचार केला आणि स्वतःच्या हाताने मूर्ती काढून दिली. सगळे तात्या असे नसतात. पण मूर्ती सरकवायचे पैसे नाहीत म्हटल्यावर बरेच जण तयार होतात.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी वायरमनची एक साधी चाचणी आहे आणि ती कुणालाही जमते. इंजिन चालू न करता किल्ली फिरवा. एअरबॅगचा दिवा पेटला पाहिजे, काही सेकंदांनी विझला पाहिजे आणि विझलेलाच राहिला पाहिजे. त्याच्या शेजारी इंजिन ऑइल, बॅटरी, एबीएस यांचे दिवे असतात; एअरबॅगचा दिवा नेमका त्यांच्यातल्या एखाद्याबरोबर विझत असेल तर संशय घ्या. पेटून विझलाच नाही तर दोष शोधता येतो, किमतीत घासाघीस करता येते. दिवा मुळात पेटलाच नाही, तर स्कॅनर लावून आणि स्टेअरिंगवरचं झाकण जाणकाराकडून उघडून पाहिल्याशिवाय विसार देऊ नका.